डाव्या पायाखालची जागा

मी एक जुना क्लच आहे. मोटार चालवणाऱ्याच्या डाव्या पायाखाली असतो ना, तो. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला कधी पाहिलंही नसेल. स्टिअरिंग सगळ्यांना दिसतं, हॉर्न सगळ्यांना वाजवायचा असतो, आणि गिअरच्या दांड्याला हात लावायला तर प्रत्येक लहान मूल टपलेलं असतं. मला बघायचं तर पार खाली वाकावं लागतं. कुणाची किल्ली पडली किंवा नाणं घरंगळलं तरच कुणी वाकतं.

माझा स्वभाव जळकुकडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर अर्धी गोष्ट ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, हा किती कुरकुरतो. कुरकुरतो खरा. पण ऐकून तरी घ्या.

माझं काम सोपं आहे. इंजिन एकदा सुरू झालं की गरगर फिरतच राहतं. चाकांना मात्र कधी फिरायचं असतं, कधी थांबायचं असतं. या दोघांना एका चकतीने जोडलेलं असतं. मला दाबलं की ती जोडणी सुटते, मग गिअर बदलता येतो. मला हळूच सोडलं की ती पुन्हा बसते. मला न दाबता गिअर टाकून बघा, गाडी अशी कर्रकन ओरडते की रस्त्याकडेला झोपलेलं कुत्रंसुद्धा मान वर करतं. म्हणजे गिअर बदलतो तो दांडा, पण त्याला बदलू देतो तो मी. एवढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी जळजळ इथूनच सुरू झाली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडाची पट्टी कापली, वाकवली, तिला भोक पाडलं आणि टोकाला रबराची गादी चढवली. गादीवर आडव्या रेघा होत्या, पाय घसरू नये म्हणून. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हे माझे भाऊ. आम्ही तिघे एकाच गाडीत लागलो. स्पोर्ट्स कार होती ती. बुटकी, गडद हिरवी, दोनच सीटची. आत बसताना कमरेत वाकावं लागायचं आणि उतरताना कुणाचा तरी हात धरावा लागायचा.

ती घेतली एका दातांच्या डॉक्टरांनी. त्यांचा दवाखाना नुकता कुठे चालायला लागला होता आणि लग्नही नवं होतं. गाडी दारात आली तेव्हा त्यांच्या आईने चारही बाजूंनी फिरून बघितली आणि विचारलं, "अरे, आणि आम्ही सगळे कुठे बसायचं?"

डॉक्टर म्हणाले, "आई, तुमच्यासाठी बस आहे."

आईने त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत.

डॉक्टरांच्या शेजारच्या सीटवर बसायच्या त्या त्यांच्या बायको. बाई कपडे शिवायच्या. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं, पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं, आणि त्या गाडीत बसल्या की त्यांच्या कपड्यांना चिकटलेले दोऱ्याचे तुकडे खाली पडायचे. लाल, निळे, कधी जरीचे. एखादा उडत उडत माझ्यापर्यंत यायचा. तेवढंच काय ते बाईंचं माझ्या वाट्याला येत होतं.

डॉक्टरांचा डावा पाय मात्र माझा होता. असा समजूतदार पाय नशिबाने मिळतो. काही लोक क्लचवर पाय टेकून आरामात बसतात आणि बिचारा क्लच घासून घासून मरतो. डॉक्टर कधी टेकले नाहीत. काम असलं की यायचे, पूर्ण दाबायचे, हळूच सोडायचे आणि पाय बाजूला ठेवायचे. एकदा गॅरेजमध्ये मेकॅनिक म्हणाला, "क्लच काय सुरेख ठेवलाय." मी फुलून गेलो. मग तो पुढे म्हणाला, "साहेब, तुमच्या पायाला मानलं." घ्या. कौतुक माझं आणि शाबासकी पायाला. पण तो पाय डॉक्टरांचा होता, म्हणून मी ते गिळलं.

गिअरच्या दांड्याचं मात्र मला कधी गिळता आलं नाही.

झालं असं, की डॉक्टर एकदा दिवा बदलायला शिडीवर चढले आणि खाली आले ते डाव्या हातावर. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. दवाखाना बंद, हातात रिकामा वेळ आणि दारात स्पोर्ट्स कार. दोन दिवस त्यांनी दम धरला. तिसऱ्या दिवशी बाईंना म्हणाले, "चल, चक्कर मारून येऊ."

"आणि गिअर कोण टाकणार? मी?"

"हो, तू. मी क्लच दाबतो, तू दांडा ओढ."

पहिल्या दिवशी गाडीने इतक्यांदा कर्रकर्र केलं की शेजारच्या घराच्या खिडक्या उघडल्या. पण बाईंचा कान तयार होता. आयुष्य मशीनच्या आवाजात गेलेलं. सुई कधी जड चालतेय, दोरा कधी ताणलाय, हे त्यांना न बघता कळायचं. इंजिनचा आवाज चढला की आता गिअर बदलायचा, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. प्लास्टर निघायच्या आत दोघांचं असं जमलं की डॉक्टरांना "गिअर" असं म्हणावंही लागेना. त्यांचा पाय माझ्यावर यायचा आणि त्याच क्षणी बाईंचा हात दांडा सरकवायचा.

प्लास्टर निघालं. हात बरा झाला. सवय मात्र राहिली. ते दोघे गाडीत असले की क्लच डॉक्टरांचा आणि गिअर बाईंचा. लोकांना कळायचंच नाही. सिग्नलला शेजारी उभा असलेला एखादा रिक्षावाला डोळे विस्फारून बघत राहायचा. घरात कितीही कडाक्याचं भांडण झालेलं असो, तोंडं दोन दिशांना असोत, गिअर वेळेवर पडायचा. एकदा तर दोघे जाऊन येईपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत, पण गाडी एकदाही ओरडली नाही.

मित्रांनो, हे सगळं ऐकायला छान वाटतं. माझं काय होत होतं ते विचारा. तो दांडा वर मस्त उजेडात उभा. त्याच्या डोक्यावर लाकडाची गोल मूठ आणि त्या मुठीवर बाईंचा तळहात. वर्षानुवर्षांत त्या हाताने मूठ अशी गुळगुळीत केली की आत बसणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वा, काय सुंदर झालीये." आणि मी खाली अंधारात, बुटांचा चिखल खात. अंगाचा तिळपापड व्हायचा माझा. अरे, तिचा हात आणि त्याचा पाय यांचं जमतं म्हणून तुझं चाललंय, आणि त्यातला अर्धा वाटा माझा आहे, असं त्या दांड्याला ओरडून सांगावंसं वाटायचं. बाईंनी मला एकदा, फक्त एकदा हात लावावा, एवढीच माझी इच्छा होती. हात नाही तर पाय. पण बाई आमची गाडी कधी चालवायला बसल्याच नाहीत. लग्नानंतर लायसन्स काढलं, पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी भावाची गाडी बंद पडली, मागे रांग लागली, कुणीतरी हसलं. तेव्हापासून त्या म्हणायच्या, "माझे पाय मशीनलाच बरे."

अशी वर्षं गेली. त्यांची लेक मोठी झाली, नोकरीला लागली. माझ्या गादीवरच्या रेघा झिजून गेल्या. मला त्या चकतीशी जोडणारी केबल जुनी झाली आणि मी दाबायला जड झालो. आणि डॉक्टरांच्या डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला.

आधी मला वाटलं, बूट नवे असतील. पाय माझ्यावर यायला उशीर करायचा. आला की थोडा थरथरायचा. मग एका संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांकडून परतताना बाईंनी विचारलं, "ते काय म्हणाले ते लेकीला सांगणार आहात की मी सांगू?"

"काय सांगायचं त्यात? क्लच सोड म्हणाले. नाहीतर गुडघा सुटेल."

माझं नाव त्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं.

लेकीने मात्र दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं. दारात गाडीला टेकून उभी होती, मला सगळं ऐकू येत होतं. "बाबा, ऑटोमॅटिक घ्या. तुमच्या आवडीची स्पोर्ट्स कारच घ्या, पण ऑटोमॅटिक. डाव्या पायाला काहीच काम नाही. गिअर ती आपोआप बदलते, आणि तुमच्यापेक्षा लवकर बदलते."

"आपोआप? मग मी काय करायचं?"

"चालवायची."

"ते तर तीच करतेय की."

"बाबा, गर्दीत दर दहा पावलांवर क्लच दाबत बसता, मग रात्री गुडघ्याला शेक घेत बसता. हौस म्हणून किती दिवस?" मग तिने आवाज उतरवला. "नाहीतर गाडी चालवणं कायमचं सोडावं लागेल. ते चालेल का तुम्हाला?"

ते त्यांना चालणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून झालं की डॉक्टरांना एकच गोष्ट हवी असायची, नदीकडेच्या रस्त्यावरून एक फेरी. ती गेली तर त्यांचं काय होणार, ही काळजी लेकीला होती आणि बाईंनाही होती. मला? मला माझीच काळजी होती. जुनी गाडी देऊन नवी घ्यायची असं बोलणं झालं. आणि त्या रात्रीपासून मी त्या नव्या गाडीवर जळायला लागलो. अजून पाहिलीही नव्हती मी तिला.

शोरूमच्या आवारात तिला माझ्यासमोरच उभी केली होती. दरवाजा उघडा. लाल, चकचकीत. मी थेट आत, पाय ठेवायच्या जागेकडे बघितलं. ॲक्सिलरेटर होता. त्याच्या शेजारी ब्रेक, चांगला ऐसपैस, दोन पाय मावतील एवढा. आणि माझ्या जागी काय होतं? काहीच नव्हतं. नुसती सपाट जागा आणि तिच्यावर छान मऊ पायपुसणं. माझ्यापेक्षा चांगला क्लच असता तर मी समजू शकलो असतो. पण मला हटवून तिथे कुणालाच बसवलं नव्हतं, आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं. त्या रिकाम्या जागेचा जेवढा हेवा वाटला तेवढा मला त्या दांड्याचाही कधी वाटला नव्हता.

विक्रेता तरुण आणि गोड बोलणारा होता. त्याने सगळं समजावलं, दांडा इथे ठेवला की गाडी पुढे, तिथे ठेवला की मागे, एकदा लावला की विसरून जा. "दोघे जाऊन या, काका. समोरच्या रस्त्यावरून एक चक्कर मारा," म्हणून त्याने किल्ली दिली. दोघे बसले. दरवाजे मऊ आवाजात लागले. ती निघाली, आणि काय निघाली. ना धक्का, ना हिसका. मी जळून कोळसा झालो.

मग रस्त्याकडून टायर ओरडल्याचा आवाज आला. पाठोपाठ हॉर्नवर हॉर्न.

ते परत आले तेव्हा डॉक्टर लंगडत होते आणि बाईंचा चेहरा पडला होता. विक्रेता लाल गाडीभोवती फिरून कुठे काही लागलंय का ते बघत होता. काही लागलं नव्हतं. दोघे येऊन सरळ आपल्या जुन्या गाडीत बसले आणि दरवाजे ओढून घेतले.

"आवाज चढला," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, आता गिअर. पाय आपोआप गेला."

"माझाही हात गेला," बाई म्हणाल्या.

त्यांचा डावा पाय मला शोधायला गेला होता, मित्रांनो. मी सापडलो नाही म्हणून तो पूर्ण जोराने त्या ऐसपैस ब्रेकवर पडला. आणि त्याच क्षणी, नेहमीच्या सवयीने, बाईंनी दांडा खेचला. भर रस्त्यात गाडी गपकन थांबली आणि गिअरमधून सुटली. इतक्या वर्षांत त्यांची वेळ एकदाही चुकली नव्हती, आणि त्या दिवशीही चुकली नाही. म्हणूनच तर दोघांची डोकी काचेवर आपटायची वेळ आली.

आधी डॉक्टर हसले. मग बाई हसल्या. हसता हसता बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग त्या हसत नव्हत्या.

"मला त्या गाडीत काय काम होतं हो?" त्या म्हणाल्या. "हात मांडीवर ठेवून बसायचं. मी त्या दांड्याला हात लावला तर गाडी गिअरमधूनच सुटली. इतकी वर्षं मला वाटत होतं, आपण दोघं चालवतोय."

"दोघंच चालवत होतो."

"मग?"

"मग काय. चल घरी. बघू."

त्यांनी इंजिन सुरू केलं आणि पाय माझ्यावर ठेवला. पाय कापत होता. मी अर्ध्यापर्यंत खाली गेलो आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. पाय उचलला गेला. पुन्हा आला. पुन्हा उचलला गेला. मघाशी ब्रेकवर एवढा जोर पडला होता की गुडघा सुजून टम्म झाला होता. मी जीव तोडून हलकं व्हायचा प्रयत्न केला, पण लोखंडाला आणि जुन्या केबलला असं होता येत नाही.

बाईंनी लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती. "मी येते लगेच, पण ती गाडी मी नाही आणू शकत. मला क्लच येत नाही, आई." तिची गाडी ऑटोमॅटिक, तिच्या डाव्या पायाने आयुष्यात काम केलंच नव्हतं.

डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. "म्हणजे ही जमत नाही आणि तीही जमत नाही," ते म्हणाले. फार हळू म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला दांडा, ती लाल गाडी, काही आठवलं नाही.

विक्रेत्याने काचेवर टकटक केली. "काका, मग ही जुनी इथेच ठेवून जाणार ना? कागद तयार आहेत."

बाईंनी काच खाली केली, "विचार करून सांगतो," म्हणाल्या आणि काच वर केली. मग डॉक्टरांकडे वळल्या. "सरका."

"काय?"

"इकडे या. मी तिकडे येते."

"तुला येतं का?"

"लायसन्स आहे माझ्याकडे."

"ते तू बँकेत ओळख पटवायला वापरतेस."

"म्हणून खोटं आहे का? सरका म्हणते ना."

दोघे उतरले, एकमेकांना धरून गाडीला वळसा घातला आणि जागा बदलून बसले. मग बाईंनी चपला काढल्या आणि मागे सारल्या. "मशीनवर मी कधी चपला घालून बसले नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा अनवाणी पाय माझ्यावर आला.

मित्रांनो, तोपर्यंत माझ्यावर फक्त बूट आले होते. हा पाय गरम होता. टाच खरखरीत, अंगठ्यापाशी मशीनच्या पट्टीने पडलेला घट्टा. माझी गादी त्या घट्ट्याखाली नेमकी बसली. काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. फक्त एवढंच, की मला मागायचं असं काही उरलं नाही.

लगेच त्यांनी मला एकदम सोडलं आणि गाडी दणका खाऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. आवाराच्या फाटकावरचा पहारेकरी खुर्ची वळवून बसला. कुणीतरी हसलंही. या वेळी बाईंनी तिकडे बघितलं नाही.

"हळू सोड," डॉक्टर म्हणाले. "कापड सुईखाली पहिल्यांदा सरकवतेस, तसं."

"मग आधी नाही का सांगायचं."

गाडी सरकली. बाईंनी मला दाबलं आणि डॉक्टरांनी दांडा ओढला, नको तेव्हा. कर्रर्र.

"अहो, आवाज तरी ऐका," बाई म्हणाल्या. "नुसता दांडा दिसतोय म्हणून ओढायचा नसतो."

आवारात फेऱ्या सुरू झाल्या. ऊन उतरलं, लेक आली आणि फाटकापाशी हाताची घडी घालून उभी राहिली. तोपर्यंत एक फेरी अशी झाली की गाडी ओरडली नाही. मग दुसरी झाली. शेवटी आम्ही रस्त्यावर आलो. लेक मागून तिच्या गाडीने येत होती, अगदी हळू. घरापर्यंत बाईंनी गाडी एकदाही तिसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ दिली नाही.

लाल गाडी पुढे लेकीनेच घेतली. सुट्टीच्या दिवशी लेक आली की ती गाडी आमच्या शेजारी उभी असते. गाडी चांगली आहे, गर्दीत तर फारच चांगली. मी असं म्हणालो हे बाहेर कुठे बोलू नका. माझी केबल नवी बसवली, आता मी हलका झालोय. बाई आम्हाला नदीकडेच्या रस्त्याने नेतात. डॉक्टर शेजारी बसतात आणि गिअर टाकतात. कान अजून कच्चा आहे त्यांचा, दवाखान्यातल्या यंत्राच्या आवाजाने बधिर झालाय म्हणे, पण शिकतायत. आता त्या लाकडी मुठीवर त्यांचा हात असतो. म्हणजे बघा, तो दांडा पुन्हा मजेत. आधी बाईंचा हात, आता डॉक्टरांचा.

तुमच्याकडे एक मागणं आहे. गाडीत बसलात की एकदा खाली वाका. पायाखाली कोण आहे ते बघा, त्याच्यावरची माती झटका, आणि काम झालं की पाय उचलून घ्या. वरच्याचं कौतुक करताना खालच्याचंही नाव घ्या. एवढ्यानेही बरं वाटतं.

आणि एक गोष्ट अजून कुणाला माहीत नाही, ती तुम्हाला सांगतो. बाई मला दाबतात तेव्हा दर वेळी पलीकडून, डॉक्टरांच्या सीटपुढून, एक छोटासा आवाज येतो. ठप. त्यांचा डावा पाय तिकडच्या रिकाम्या जमिनीवर हलकेच टेकतो आणि मग अगदी हळू उचलला जातो. त्यांना स्वतःलाही ते कळत नसावं. तिथे पेडल नाही, काही नाही. पत्रा आहे आणि त्यावर पायपुसणं आहे. मित्रांनो, मी त्या पायपुसण्यावर जळतो.